जवारीचा दोरा

ओंगार, डब्लिन
फेब्रुवारी २०२१

नंदकुमार,

हे पाठवणार नाही, म्हणून स्पष्ट लिहिते.

नातीच्या सरकारी शाळेत विज्ञान आणि कला एकत्र शिकवतात. कॉलेजात आपण अशाच शाळेचे बेत करायचो. लॉकडाऊनमुळे सध्या वर्ग स्क्रीनवर भरतो. काल ध्वनिलहरींच्या धड्याला योगिनीने माझा तंबोरा घेतला. तारेखालचा दोरा सरकून जवारी गेली होती, तार गुंजेनाशी झाली होती. मी तो एका झटक्यात बसवला.

"ग्रँड, आजी! हू टॉट यू?"

"बडबड नको. ऐक."

मला ते कॉलेजातही येत होतं, नंदकुमार. तरी मुद्दाम दोरा सरकवून तुला हाक मारायचे.

काल तार गुंजली आणि मी उगीचच दाराकडे पाहिलं.

पत्ता न लिहिता,
प्रभा