पुन्हा आलेले फोटो

१९ जानेवारी, रविवार

पुण्याहून शर्वरीचा हुकूम आला — बाबांच्या पंचाहत्तरीला पडद्यावर दाखवायला पंचाहत्तर फोटो निवडून ठेव. सोळा फेब्रुवारीच्या आत! "आई, तुला काय, वेळच वेळ आहे." लेकींना आईचा वेळ नेहमी फुकट दिसतो.

फोनमध्ये नऊ हजार दोनशे फोटो निघाले. कागदावरचे जुनेसुद्धा तिनेच ह्यात घालून दिलेत. दिवाळीत आली होती तेव्हा आमचे दोघांचे फोन मांडीवर घेऊन दिवसभर काय काय जोडत बसली होती. जाताना म्हणाली, "आता कुठूनही सगळं दिसेल."

सुरुवात सोपी. लोकांनी पाठवलेली सुप्रभातची फुलं, गुरुवारचे दत्त, शनिवारचे मारुती — हात जोडले आणि डिलीट केले. साडेतीन हजार गेले! मग घरचे. प्रत्येक फोटोत मोहनावहिनी पुढे. माझी थोरली जाऊ, पण माझ्या लग्नातसुद्धा नवरीच्या पुढे उभी आहे! कडेने कापून बघितलं, तर खांदा राहिलाच. ह्यांना दाखवलं. म्हणाले, "ही कोण?" आणि हसले. मीही खूप हसले.

पहिल्या दिवशी सात निवडले. प्रतापनगरच्या वर्कशॉपात ह्यांना फोरमन केलं, त्या दिवशीचा हारवाला फोटो पक्का. नुसता उजळ करायला हवा.

२१ जानेवारी, मंगळवार

आज एक चमत्कारिक गोष्ट सापडली.

नोव्हेंबरपासूनचे फोटो बघत होते. घरचे फराळाचे, उत्तरायणाचे पतंग, उंधियूचं पातेलं — आणि मध्येमध्ये असे, की माझ्या काही लक्षातच येईना. आमच्या सोसायटीचं गेट. प्रतापनगर पुलाच्या अलीकडचं वळण, तिथली पंक्चरवाल्याची टपरी. लिफ्टमधलं तीन नंबरचं बटण. आमचं दार, 'बा. वि. कारखानीस' पाटीसकट. गॅसचं बटण — बंद केलेलं. गोळ्यांची पट्टी. समोरच्या जागृतीबेन, दारात उभ्या, काहीतरी बोलताना.

एकूण एक्केचाळीस.

मी काढलेत? कधी? कशाला? लिफ्टच्या बटणाचा फोटो कोण काढतं?

एकाची वेळ बघितली. दहा जानेवारी, सकाळी पावणेअकरा. दहा तारखेला पावणेअकराला मी कुठे होते? खूप आठवून बघितलं. नाहीच आठवत.

ह्यांना विचारणार होते, पण नाही विचारलं. फोन म्हणजे ह्यांना क्रिकेटच्या धावा बघायचं यंत्र. ह्यांना काय कळणार! आणि विचारलं की ते लगेच म्हणणार — झालं, आता तुझंही सुरू.

२२ जानेवारी

आईचंही असंच सुरू झालं होतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

लिहूनच टाकते. मनात ठेवलं की जास्त भीती वाटते.

दांडिया बाजारच्या घरी आई चिठ्ठ्या लावायची. कपाटावर 'साखर'. मागच्या दारावर 'कडी'. आम्ही बहिणी हसायचो. मग एक दिवस तिने स्वतःच्या उशाला चिठ्ठी लावली — धाकटी मंदा, एक्स्चेंजमध्ये आहे, सहाला येते. ती वाचून मी संडासात जाऊन रडले होते. पुढच्या दोन वर्षांत चिठ्ठ्या वाचणंही गेलं. मला म्हणायची, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" मी आणलेला भात खायची नाही. परक्या बाईच्या हातचा म्हणून.

चिठ्ठ्यांच्या जागी आता फोटो. एवढाच फरक.

आणि मी कोण? टेलिफोन एक्स्चेंजची ऑपरेटर! बडोद्यातले सहाशे नंबर मला तोंडपाठ होते. लोक नाव सांगायचे, मी डायरी न उघडता जोडून द्यायचे. आज दुपारी आठवायला बसले. पासष्ट आठवले आणि पुढे अडले. चाळीस वर्षांनी कोणाला आठवतील? — असं स्वतःला सांगितलं. पण पुन्हा पहिल्यापासून मोजून बघितलं.

२६ जानेवारी, रविवार

दूध करपलं. खालपर्यंत काळं. मी अंघोळीला गेले होते. बाहेर येते तर घरभर धूर आणि हे पेपर वाचत बसलेले!

"अहो, वास नाही आला?"

"तूच ठेवून गेलीस. मला सांगितलं होतंस का?"

मी ठेवलं होतं? मला तर वाटतं, मी पातेलं फ्रिजमधून काढलंसुद्धा नव्हतं. पण आता माझ्या वाटण्याला काय अर्थ?

धूर बघून जागृतीबेन आल्या. त्यांच्यासमोरच हे म्हणाले, "मंदा हल्ली फार विसरते." त्या हसल्या. "उमर थई, भाई! आपणे बधा भूलीए." वय झालं, सगळेच विसरतात म्हणे. मीही हसले. मग पातेलं घासायला घेतलं.

मागच्या आठवड्यात ह्यांचा चष्मा फ्रिजमध्ये भाज्यांच्या खणात सापडला होता. तोही मीच ठेवला म्हणे.

२८ जानेवारी, मंगळवार

पुसले! सगळे, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.

शर्वरीने फोन केला — "फोटो कुठवर आले? मी बघतेच आत जाऊन." तिला सगळं दिसतं! तिने ते बटण बघितलं, गेट बघितलं, की ती काय ते समजणार. तिने आजीला बघितलंय. मग पुण्याला डॉक्टर, तपासण्या, मग हे घर बंद, आणि तिच्या बाराव्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत मी. बडोदं सोडून! नाही जायचं मला.

एकेक निवडून डिलीट केले. फोनने विचारलं, सगळीकडून काढायचे का? सगळीकडूनच काढायचेत बाबा, म्हणून तर बसलेय! मग कचऱ्याच्या डब्यातूनही काढले. आता कोणालाही परत मिळणार नाहीत.

हलकं वाटलं. रात्री शेव-उसळ मागवली. हे खूश.

३० जानेवारी, गुरुवार

हळदीकुंकू होतं आज. सतरा जणी आल्या. वाणाला चहाच्या गाळण्या — सगळ्यांना आवडल्या. मोहनावहिनींसाठी सगळ्या जणी अर्धा तास थांबल्या. शेवटी मीच फोन केला. त्या फणकारल्या, "अगं, सकाळीच कळवलं ना! गुडघा सुजलाय. भावोजींनी घेतला फोन."

ह्यांना विचारलं. "सांगितलं होतं मी तुला! तू भाजी चिरत होतीस."

भाजी चिरत होते, हे खरं. ह्यांनी सांगितल्याचं मात्र अजिबात आठवत नाही. शब्दसुद्धा नाही! माणूस तोंडावर बोलतो आणि आपल्यात काही उरतच नाही — आईला असंच होत असेल का? तिला तेव्हा काय वाटत होतं, हे मी एकदाही विचारलं नाही.

फोटोत सगळ्या जणी छान आल्यात. मी तेवढी घाबरलेली दिसते. माझा चेहरा उजळ करून बघितला. उजेड वाढला, चेहरा तसाच.

१ फेब्रुवारी, शनिवार

परत आले.

तेच! गेट. वळण. टपरी. लिफ्टचं बटण. दार. गॅस. तेरा फोटो. परवा आणि कालच्या तारखा.

मी पुसले होते ना? ह्याच वहीत लिहिलंय, पुसले म्हणून. मागे जाऊन वाचलं. अक्षर माझंच आहे.

म्हणजे मी पुसते, आणि मग जाऊन पुन्हा काढते. कधी काढते? खाली जाते, वळणापर्यंत चालते, परत येते, आणि मला पत्ता नाही. मी रस्त्यात उभी असताना लोक काय म्हणत असतील? देवा, मला फार भीती वाटते आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

पुसले. फोन लोखंडी कपाटात, पैठणीच्या खाली. किल्ली कमरेला. बघू आता कशी काढते!

आज वसंतपंचमी. गोडाचं करायचं होतं, राहून गेलं. विसरले नव्हते. धीरच झाला नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवसांनी कपाट उघडलं. सहा नवे.

सोमवारी सकाळचे. लिफ्ट. दार. गॅस. ह्या वेळी आमच्या पलंगाचाही एक आहे, माझ्या बाजूची उशी नीट दिसते.

किल्ली कमरेलाच होती. म्हणजे मीच उघडलं. मीच काढला फोन, मीच काढले फोटो, परत पैठणीखाली ठेवला, किल्ली खोचली, आणि देवापुढे जाऊन बसले असेन. दुसरं काय असणार?

पुसले. घाईघाईत शेजारचा फोरमनचा फोटोही पुसला जात होता. वाचवला.

शर्वरीला विचारलं सहज, "तुला काही वेगळं दिसलं का गं फोटोंत?" ती म्हणाली, "वेळच नाही झाला बघायला. का?" म्हटलं, काही नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

हे अकराला दांडिया बाजारात गेले, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी आणायला. दोन वाजले, अडीच वाजले. फोन लागतो, पण उचलत नाहीत. तीनला खाली रिक्षा थांबली. खिडकीतून बघते तर रिक्षावाल्यावर ओरडत होते — "फिरवून फिरवून आणलंस!" तो वर बघून हात हलवत होता. "माजी, काकाने पूछो, सरनामूज नथी बोलता!"

पत्ताच सांगत नव्हते म्हणे! हट्ट. रिक्षावाल्यांनी आपणहून रस्ता ओळखावा, असं ह्यांना बडोद्यात पन्नास वर्षं वाटत आलंय. मेतकूट आणलं नव्हतं. भाजणीही नाही. शर्ट घामाने ओला, फेब्रुवारीत!

जेवले नाहीत. फोन घेऊन बसले आणि बोटाने नुसतं वर-खाली, वर-खाली. "बिघडलाय हा," म्हणाले. "ह्यात ठेवलेलं राहत नाही." मी म्हटलं, शर्वरी आली की बघेल. माझं लक्ष कुठे होतं! मी त्या वेळी मनात पाढे म्हणत होते. एकोणतीसचा पूर्ण आला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एकाहत्तर फोटो झाले. चार राहिले. ठरवलंय — सोळा तारखेपर्यंत नीट वागायचं. पंचाहत्तर दिव्यांनी ह्यांना ओवाळायचं, सगळ्यांना जेवायला वाढायचं, एकही नाव चुकवायचं नाही. मग शर्वरीला स्वतःहून सांगायचं, की माझं आईसारखं होतंय.

ह्यांना कोण सांगणार? मला परकी बाई झालेलं ह्यांना बघावं लागेल, हेच सहन होत नाही. एवढा ताठ माणूस, पण साधा चहासुद्धा करता येत नाही. माझ्याशिवाय ह्यांचं कसं व्हायचं?

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी बाल्कनीत हिंचक्यावर बसून पुसत होते. पुन्हा आले होते, चौथ्यांदा. तेवढ्यात वरती एक नवा फोटो उमटला — फोन माझ्या हातात असताना!

त्यात मीच. पाठमोरी, हिंचक्यावर, मान खाली. आजचीच साडी.

वळले. मागे दारात हे उभे. त्यांचा फोन समोर धरलेला.

शर्वरीने दोन्ही फोन एकाच खात्याला जोडलेत. हे काढतात ते माझ्याकडे येतं. मी पुसते ते ह्यांच्याकडूनही जातं. गेट, वळण, लिफ्ट, दार. घरी यायचा ह्यांचा रस्ता मी चार वेळा पुसला.

"काय करताय?" मी विचारलं.

"तुझा एक काढून ठेवतो," म्हणाले. "ह्यात काही राहत नाही गं. तू तरी राहतेस का बघतो."

मी चपला घातल्या, खाली गेले आणि गेटचा फोटो काढला.