वाऱ्याला मोटर

३ मार्च, मंगळवार

नाही म्हणजे नाही! नगरपालिकेच्या साहेबांना तोंडावर सांगून आलो — मोटर बसवणार नाही.

काल चौकात माझ्या शिल्पाचं उद्घाटन होतं. उंच खांबावर पत्र्याच्या पाकळ्यांची दोन चक्रं, एकमेकांच्या उलट फिरणारी. वारा आला की फूल उमलतं नि मिटतं. पडदा बाजूला झाला, लोकांनी टाळीसाठी हात उचलले, आणि वाऱ्याचा पत्ता नाही! पाहुणे घाम पुसत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "सेल संपले वाटतं!" सगळे हसले. मीही हसलो असतो, पण साहेब माझ्याकडेच बघत होते.

आज त्यांनी ऑफिसात बोलावून घेतलं. "छोटी मोटर लावा. बटण दाबलं की फिरेल. कुणाला कळणार आहे?"

मला कळेल, म्हटलं. गावच्या शाळेत शिकलेला मी, मोठ्या माणसांपुढे शब्द सापडत नाहीत. 'नाही' तेवढा सापडला.

५ मार्च, गुरुवार

ही म्हणते, "एवढं काय त्यात? गेटं नि जाळ्या गिऱ्हाईक म्हणेल तशाच करता की!"

खरं आहे. पण गेटासाठी मी कधी वाट बघत बसलो नाही. ह्या पाकळ्या गच्चीवर चढवून नुसता बसून राहायचो. वारा यायचा, नाही यायचा. सकाळी देवापुढे बसतो तसंच. तिथे तरी कुठे बटण असतं?

८ मार्च, रविवार

धाकटा आला होता. सख्खा भाऊ, नगरपालिकेत इलेक्ट्रिशियन. बूट न काढता दारातच उभा.

"दादा, ते मोटरचं माझ्या गळ्यात घातलंय."

"नाही म्हण."

"तुझं बरंय. तुझं स्वतःचं वर्कशॉप आहे. मी अजून कायम झालो नाही. सही साहेबांचीच लागते."

म्हटलं, लाव मग. आणि इकडे फिरकू नकोस.

हिने चहाला हाक मारली, पण वळला नाही.

१२ मार्च, गुरुवार

फिरतंय. दिवसभर एकाच चालीत, घाण्याच्या बैलासारखं. लोक फोटो काढतात. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "आता कशी जान आली!"

जान!

१३ मार्च, शुक्रवार

देवा, हा माझा नुसता हट्ट तर नाही ना? आजही वारा नाही.

१६ मार्च, सोमवार

आज दुपारी वारा सुटला — आणि कसा! टपऱ्यांचे पत्रे थडथडले, दुकानांच्या पाट्या हेलकावल्या, एकाची टोपी थेट बसखाली. वीज गेली. हातातलं काम टाकून चौकात धावलो.

सगळा चौक हलत होता. फक्त माझं शिल्प ठप्प! मोटरच्या गिअरनं आस आवळून धरलेला. पाकळ्या जागच्या जागी थरथरत होत्या, दावं तोडायला निघालेल्या वासरासारख्या. कुईकुई आवाज येत होता. मला ऐकवेना.

रस्त्याच्या पलीकडे धाकटा उभा होता, कामाच्या खाकी शर्टात. मान वर करून बघत होता. मी तसाच मागे फिरलो.

१७ मार्च, मंगळवार

ठरलं. मोटर उद्या मी काढणार. चोरून नाही — भरदिवसा, सगळ्यांदेखत!

ही म्हणाली, "आणि भावजींची नोकरी?"

साहेबांना लिहून देईन — मी काढली, त्याचा काही संबंध नाही. माझं काय करायचं ते करा.

"ऐकतील ते?"

नाही ऐकणार. मला माहीत आहे. हिने ताट तसंच सारलं.

तरी जाणार.

१८ मार्च, बुधवार

पान्यांची पिशवी घेऊन चौकात गेलो. खांबाला शिडी लागलेली, भोवती गर्दी. वर धाकटा. मोटरचे अर्धे बोल्ट काढून झालेले.

मला बघून वरूनच ओरडला, "बघत काय राहिलास, दादा? शिडी धर!"