साडीवर माझे चार शब्द

३ ऑगस्ट, रविवार
पंधरा ऑगस्टला सोसायटीत माझं भाषण. विषय : साडी, आपल्या देशाची ओळख. सेक्रेटरी सर्जेरावांनी पाच मिनिटं दिलीत. पाऊण तास तरी लागेल. ऐकायला दमयंती पुण्याहून येईलच. बायको आहे शेवटी. लेकीकडे चार दिवस म्हणून गेली ती पाडव्यापासून तिथंच. हवा मानवली असावी. जायच्या आदल्या दिवशी तिनं पंजाबी ड्रेस आणला होता आणि या घरात साडीच चालेल, असं मी पाहुण्यांदेखत म्हणालो होतो. पण त्याचा काही संबंध नाही.

६ ऑगस्ट
लेकीचा फोन. मृण्मयी म्हणाली, आईनं साडी घालायचं सोडलंय. मी तिथल्या तिथं दुरुस्ती केली की साडी घालत नाहीत, नेसतात. तिनं फोन ठेवला. पुण्यात राहून मराठी बिघडली पोरीची.

८ ऑगस्ट, सकाळी
भाषणात प्रात्यक्षिक हवं. दमयंतीची हिरवी साडी आरशासमोर स्वतःच नेसून पाहिली. निऱ्या सुटल्या. नेमक्या तेव्हाच शेजारच्या जहांआरा भाभी भाजीची वाटी घेऊन दारात. त्या रोज साडीतच असतात, म्हणून मत विचारलं. म्हणाल्या, मला आवडती म्हणून नेसते, त्यात देशाला काय विचारायचं? आणि भाषण काहेकू, काकूंना सीधा फोन लावा. मुद्दा कच्चा आहे. भाषणात घेणार नाही. प्रात्यक्षिक रद्द.

११ ऑगस्ट
दमयंतीला व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण पाठवलं. उत्तरात नुसता अंगठा. म्हणजे येतेय. फोनही करणार होतो, पण काय बोलावं सुचेना. घर फार शांत आहे. टीव्ही चालूच ठेवतो.

१५ ऑगस्ट, संध्याकाळी
आली. निळ्या ड्रेसमध्ये, मागच्या खुर्चीवर. मी रंगात येऊन म्हणालो, जिनं साडी टाकली तिनं देश टाकला. सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. सर्जेरावांनी घाईघाईनं जिलेबी वाटायला घेतली. घरी येऊन तिनं औषधांची फाइल आणि चालायचे बूट बॅगेत भरले. साड्या मात्र सगळ्या पलंगावर काढून ठेवल्या. म्हणाली, या तुमच्या, तुम्हीच सांभाळा. परत कधी येणार विचारलं, तर वेळेवर जेवत जा म्हणाली. दुपारच्या बसनं गेली. माझा विचार नवा आहे, तिला पटायला वेळ लागेल.

१६ ऑगस्ट
साड्या कपाटात ठेवायला घेतल्या. पहिलीच घडी जमेना. दुसरं टोक धरायला माणूस लागतं. सवयीनं दमयंतीला हाक मारली. मग साड्या पलंगावर तशाच राहू दिल्या आणि मी सोफ्यावर आडवा झालो.