एका कामावर एकच नाव

प्रिय पेन्सिल,

तळघरातल्या फायलींच्या खोलीत बसून तू हे वाचशील, म्हणून अक्षर मोठं काढलंय. हसू नकोस. ड्रॉइंग विभागात आता कुणी अंबाड्यात पेन्सिल खोचून तीच पेन्सिल टेबलाखाली शोधत नाही. सकाळ फार सुनी जाते.

वर सगळं 'पद्धती'प्रमाणे चाललंय. सहाही शाखांत एकच पद्धत, एकच फळा, एका कामावर एकच नाव. वेळेत झालं तर हिरवी चिठ्ठी, नाही तर लाल. मला फळ्याची प्रमुख केलं तेव्हा टाळ्या सगळ्यांत आधी तूच वाजवल्यास. आता रोज सव्वानऊला सगळ्यांना उभं करून काल काय केलं ते मी विचारते. मला बघून लोक चहा अर्धा टाकतात. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी माझी गत झालीय.

आधी बरं होतं गं. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून तुझे आकडे मी एकदा नजरेखालून घालायची आणि माझ्या वतीने मुकादमांशी भांडायला तू जायचीस. म्हणून तर सगळे आपल्याला पेन्सिल आणि खोडरबर म्हणायचे. मग तुझं ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला, आणि तुझ्या नावाचं काम आता तूच करणार असं तू ठणकावून सांगितलंस.

दवाखान्याचा जिना तू एकटीने काढलास. सगळ्यात खालची पायरी बाकीच्यांपेक्षा अंगठ्याच्या जाडीइतकी उंच निघाली, तोडावी लागली. नशीब, कुणी पडलं नाही. फळ्यावर नाव तुझं होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा तू चष्मा पुसलास आणि डोळ्यांनी दगा दिला एवढंच म्हणालीस. मी शेजारी बसून स्वतःच्या नखांकडे बघत होते. त्यांनी तुला खाली फायलींत पाठवलं.

काल कळलं, शुक्रवारी तू राजीनामा देणार आहेस. नातीचा स्वेटर विणताना टाके मोजायचीही भीती वाटते, असं सुनेला म्हणालीस म्हणे. ते ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसले.

तुझे डोळे ठीक आहेत. त्या पायरीची उंची तू सोळा सेंटिमीटर लिहिली होतीस आणि तीच बरोबर होती. ड्रॉइंग द्यायच्या दिवशी संध्याकाळी जुन्या सवयीने मी ते उघडलं. बाकीच्या पायऱ्या अठराच्या आणि ही एकच सोळाची. खालची जमीन आधीच तयार होती, पायरीवर मात्र अजून फरशी बसणार म्हणून तू दोन कमी धरले होतेस, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. मुदतीला दहा मिनिटं उरली होती. तुला न विचारता मी तिथे अठरा केलं. दुसऱ्याच्या कामाला नोंदीशिवाय हात लावायचा नाही, हा पद्धतीचा पहिला नियम, आणि तो सगळ्यांना मीच शिकवते. म्हणून तोंड उघडलं नाही. तीन महिने नुसती भीत राहिले. उद्या सव्वानऊला फळ्यासमोर हे सगळं सांगणार आहे, मग माझं व्हायचं ते होवो. तू वर ये. पण त्याआधी आज घरी गेल्यावर स्वेटरचे टाके मोज. चुकणार नाहीत.

तुझीच,
खोडरबर