दफनभूमीचं झबलं

प्रिय ग्रासियाना आत्या,

सॉल्टलिकहून तुझ्या पेयोचा नमस्कार. तुझं पत्र नाताळात आलं आणि उत्तर मी लोकर कातरणी उरकल्यावर देतोय, तेव्हा आधी मनातल्या मनात माझा कान पिळ आणि मग वाच. गुडघा कसा आहे? बॉइझीचे डॉक्टर हृदयाबद्दल काय म्हणतात? झोप लागते ना? (एवढ्या चौकशा मी कधी करत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सध्या सोडून दे.) थॉर्नक्विस्ट काकांनाही नमस्कार सांग, म्हणजे ते अजून त्या कलशात, तुझ्या फायरप्लेसवरच्या फळीवरच असतील तर. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याच्या राखेला धड जागा मिळू नये, याचं मला हल्ली फार वाईट वाटतं.

इकडची बातमी अशी, की टेकडीवरची आपली दफनभूमी अखेर गावाच्या मालकीची झाली. संसदेत मंजूर होऊन, राष्ट्राध्यक्षांची सही होऊन, रीतसर कायदा झाला. अभिनंदन करू नकोस, पुढे वाच. आजोबांच्या काळात कुणी गेलं की टेकडीवर खणायचं आणि पुरायचं. जमीन कुणाची हे विचारायची पद्धत नव्हती. ती निघाली केंद्र सरकारची. बाबांना पुरलं आणि महिन्याभरात जमीन खात्याचा एक सभ्य माणूस येऊन म्हणाला, की तुमच्या सगळ्या मृतांनी अतिक्रमण केलंय. त्यांना उठवणार नाही म्हणाला (मोठ्या मनाचा), पण इथून पुढे कुणाला पुरायचं नाही, आणि जमीन गावाला हवी असेल तर ती फक्त संसदच देऊ शकते. तेव्हापासून आपली माणसं लांब एल्कोला, अनोळखी लोकांच्या शेजारी निजवावी लागतात. माझी दोमिनिकाही तिथेच आहे; नवरा इथे, बायको तिथे. फुलं ठेवायला जातो तेव्हा येताना मी कुणाशी बोलत नाही.

तर आम्ही दोन एकरांचं विधेयक करवून घेतलं. त्यात वाईट असं काहीच नव्हतं, म्हणून कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका संसदेची मुदत संपली की तिची अर्धवट राहिलेली सगळी विधेयकं मरतात आणि नव्या संसदेत पुन्हा जन्माला घालावी लागतात. आमचं दोनदा मेलं. तिसऱ्या खेपेला खाण कंपनीचा हॅडॉक नावाचा गोडबोल्या माणूस घरी भाजलेला चेरी पाय घेऊन माझ्या दारात आला. "तुमचं विधेयक फार अशक्त आहे हो," तो म्हणाला, "आमच्याबरोबर येऊ द्या त्याला." त्यांना टेकडीमागची सगळी कुरणं सोन्यासाठी खणायला हवी होती, बदल्यात भलतीकडची जमीन ते सरकारला देणार होते. मी विचारलं, नाव काय राहील? "नाव तुमचंच. सॉल्टलिक दफनभूमी कायदा." मला भरून आलं (चेरी पायही चवीला चांगला होता).

आत्या, मी जन्मभर मेंढरं राखली, मला तेव्हाच कळायला हवं होतं. मेंढीचं कोकरू मेलं की आपण काय करतो? त्याचं कातडं सोलून दुसऱ्या पोरक्या कोकराला झबल्यासारखं घालतो. मेंढी वास घेते, आपलंच समजते आणि पाजते. आमचं विधेयक दोनदा मेलं होतं. हॅडॉकला फक्त त्याचं कातडं हवं होतं. आणि ते त्याच्या कोकराला चढवायला मला वॉशिंग्टनला नेलं, लग्नातला कोट घालून. तिथे संसदेच्या समितीसमोर साक्षीदाराला पाच मिनिटं मिळतात, वेळ मोजायला समोर दिवा असतो. खुर्च्या सगळ्या रिकाम्या, एकटे समितीचे अध्यक्ष सूप पीत बसलेले. मी दोमिनिकाबद्दल बोलायला लागलो आणि लाल दिवा लागला. अध्यक्ष म्हणाले, "मेंढ्या बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "आहेत साहेब." "मग झालं तर." खाणीविरुद्ध बोलायला आलेली बाईसुद्धा माझ्यानंतर नरमली. मेलेल्यांच्या विरोधात कोण बोलणार?

त्यानंतर एका सिनेटरनं आपल्या राज्यातलं कुठलंसं धरण पदरात पाडून घेण्यासाठी आमचं विधेयक अडवून धरलं, म्हणून शेवटी ते संरक्षण खर्चाच्या जाडजूड विधेयकात, युद्धनौका आणि सैनिकांचे पगार यांच्या मधोमध, दडपून दिलं. ते मंजूर होणारच असतं आणि सगळं कुणी वाचत नाही. त्यामुळे बाबा आता राष्ट्रीय संरक्षणात मोडतात. त्यांना बंदूक कधी धड धरता आली नाही, तुला आठवत असेल.

पण कोकरू एकदा रुळलं की कातडं काढून फेकतात. कायदा हातात आल्यावर मी आणि खाणावळवाली मायते (दफनभूमी समितीत आता आम्ही दोघंच उरलोय) तो वाचायला बसलो. शेवटी एक कलम होतं: सलग दहा वर्षं तिथे दफन झालं नाही तर जमीन सरकारकडे परत, आणि सरकारकडून खाणीकडे. शेवटचं दफन बाबांचं. त्याला येत्या ऑक्टोबरात दहा वर्षं होतात. मी हॅडॉकला फोन करून म्हटलं, अहो, पुरायला बंदी सरकारनंच घातली होती ना? "आता कायदा झालाय हो," तो म्हणाला, "माझ्या हातात काय आहे?" मी मायतेकडे बघितलं. "माझ्याकडे काय बघतोस मेल्या?" ती म्हणाली. "खोकला तुला आहे." मी थकलोय, आत्या. खाणीचे सुरुंग कुंपणाजवळ आलेत, स्फोट झाला की बाबांच्या दगडावरची धूळ हलते, आणि ते बघवत नाही.

तब्येतीला जप.

तुझा भाचा,
पेयो

ता. क. – घाबरू नकोस, माझा डोळा तुझ्यावर नाही. काकांवर आहे. कायद्यात फक्त 'मानवी अवशेष' म्हटलंय, ताजेच हवेत असं कुठे लिहिलेलं नाही. काकांना मेंढ्यांचा वास सोसत नसे आणि बाबा त्यांच्याशी जन्मात बोलले नाहीत, हे मी जाणतो. पण बाकी सगळा खडक आहे, मऊ जागा बाबांशेजारीच उरलीय. दोमिनिकाला एल्कोहून आणायची परवानगी ऑक्टोबरच्या आत मिळत नाहीये, नाहीतर काकांना त्रास दिला नसता.

पुन्हा ता. क. – सगळे द्यायला मन होत नसेल तर वाटीभर पाठव. वकिलाला विचारलंय, मापाची अट नाही.

आणि हे शेवटचं – काकांच्या पलीकडे तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय. त्यांच्यापासून पुढची दहा वर्षं नव्यानं मोजली जातील. तू ती संपता संपता ये. त्याआधी आलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.