आधी कनिष्ठांनी बोलावे

प्रिय शंकासुर,

हे नाव मीच ठेवले होते, तेव्हा ते वापरण्याचा हक्क अजून शाबूत असावा असे धरून चालतो. पाच वर्षांची असताना आमच्या दाराच्या कडीकडे बोट दाखवून तू विचारले होतेस, ही कशाला? दार लावायला. मग दार कशाला, भिंत कशाला, हे सुरू झाले. शेवटी ताईने तुला उचलून नेले आणि जाता जाता मला ऐकवले, की पोरगी मामाच्या वळणावर गेली, आता हिचे लग्न कोण जमवणार. लग्न तू स्वतःच जमवलेस. इंजिनिअर होऊन माझ्याच खात्यात आलीस, आणि कार्यालयात मला 'साहेब' म्हणायचे हा माझा नियम एकदाच मोडलास. त्या एका वेळेकडे मी येणार आहे.

मामीचा गुडघा आता वाकतो. तिची शस्त्रक्रिया आपल्याच रुग्णालयात करून घेतली. आपल्याच, म्हणजे मी मुख्य अभियंता असताना जे बांधले आणि ज्याच्या बैठकांची तू सचिव होतीस, त्या. ती तिथे होती ते तीन दिवस मी जिन्याच्या सातव्या पायरीवर बसून काढले. वरच्या पायरीवरच्या बाईने ओले कपडे कठड्यावर वाळत टाकले होते, खालच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ डबा उघडून बसले होते, आणि या सगळ्यांतून पाय ठेवायला जागा शोधत परिचारिका औषधांचा ट्रे घेऊन चढत होत्या. दोन महिन्यांपूर्वी याच जिन्यात सांडलेल्या पाण्यावरून एक परिचारिका घसरली आणि तिचा खुबा मोडला, हे तुला ठाऊक आहेच. त्याची चौकशी तुझ्याच मानगुटीवर बसली आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगले मांडता येत नसेल, तर त्याचे खंडन करू नये, असे मी तुला शिकवले. म्हणून चार वर्षांनी का होईना, तुझा पूर्वपक्ष मांडतो. मूल्य व्यवस्थापन ही पद्धत आपल्या खात्यात तू आणलीस. इमारतीच्या प्रत्येक भागाला विचारायचे, तू कोणते काम करतोस, आणि तेच काम याहून सोप्या रीतीने होईल का. तुझा जुनाच प्रश्न, मोठा होऊन आलेला. आपल्याकडे बहुतेकांनी त्याचा अर्थ काटछाट असा घेतला. तू तसा घेतला नव्हतास. जुन्या रुग्णालयात चार दिवस उभी राहून तू पाहिलेस, की रुग्णाला भरवणे, पुसणे, कूस बदलून देणे ही कामे नातेवाईक करतात. निष्कर्ष असा, की नातेवाइकांचे सभागृह, तिथले नळ आणि कपडे वाळवायची जागा ही सोय नव्हे, तो रुग्णसेवेचाच भाग आहे. काही गाळायचेच असेल, तर दर्शनी काचेची कमान गाळा. तिचे काम काय, या रकान्यात तुला लिहायला काही सापडले नव्हते.

या युक्तिवादात मला आजही दोष सापडत नाही. तेव्हाही सापडला नव्हता.

कार्यशाळेच्या सकाळी तू फळ्यावर पहिला नियम लिहिलास: आधी कनिष्ठांनी बोलावे, अध्यक्षांनी सर्वांत शेवटी. सफाईच्या मावशींनाही तू आग्रहाने बोलावले होतेस. त्या दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या होत्या. सभागृहाचा विषय निघाला. मी फळ्याकडे पाहिले, नियम वाचला, आणि सर्वांच्या आधी बोललो. म्हणालो, ही रिकामटेकड्यांची सोय आहे. राजा बोले, दळ हाले. बारा माना डोलल्या. मावशींनी उघडलेले तोंड मिटले, ते मला दिसले. सभागृह गाळले गेले, कमान राहिली.

भाचीची बाजू घेतली असे कोणी म्हणू नये म्हणून मी कठोर झालो, अशी समजूत मी ही चार वर्षे बाळगली. ती टिकत नाही. निःपक्षपाती माणूस गप्प बसला असता. खरे कारण असे, की ती कमान माझ्या हातची होती. नाकापेक्षा मोती जड, हे मला कळत होते. पण मोती माझा होता.

जिन्यात तिसऱ्या दिवशी मावशी फडके घेऊन आल्या. मला ओळखून म्हणाल्या, "साहेब, सरका जरा. पुसायचंय." मी सरकलो. एक पायरी पुसून झाल्यावर, माझ्याकडे न बघताच, त्या म्हणाल्या, "त्या दिवशी हेच सांगणार होते, की माणसं जिन्यात बसतील. पण तुम्ही आधीच बोललात. मग आम्ही काय बोलायचं?"

घरी येऊन मी कपाटातून तुझ्या इतिवृत्ताचा मूळ मसुदा काढला. त्यात तुझा विरोध एका परिच्छेदात नोंदलेला आहे, आणि त्यावर माझी लाल पेन्सिल आडवी फिरलेली आहे. समासात माझ्याच अक्षरात 'सर्वानुमते' असे लिहिले आहे. तेव्हा तू तो कागद हातात घेतलास आणि म्हणालीस, "तुम्ही म्हणताय तर बरोबरच असेल, मामा." कार्यालयात मामा म्हणू नकोस, असे मी त्या दिवशी सुनावले नाही. मला ते सोयीचे होते. तू सही केलीस, आणि आज फक्त ती सही चौकशी समितीपुढे आहे.

ताईकडून कळले, की समितीने लेखी विचारले तेव्हा तू 'आठवत नाही' असे उत्तर दिलेस. तुझा मामा तुला ओळखतो: तुझी स्मरणशक्ती उत्तम आहे. तू नोकरी पणाला लावून मला झाकते आहेस. ते थांबव, एवढ्यासाठी हे पत्र. मूळ मसुदा आणि माझा लेखी जबाब मी काल समितीकडे दिला. नक्कल सोबत आहे, म्हणजे माझ्यासाठी खोटे बोलून आता काही साधणार नाही. सोमवारी दोघांनाही बोलावले आहे. ज्येष्ठ म्हणून मला पहिला मान देत होते. मी अध्यक्षांना कळवले आहे, की आधी तू बोलशील. मी तुझ्यानंतर बोलेन.

तुझाच,
मामा