उसनी जीभ

आत्याबाई, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि सुनेला आत्ता पत्राची आठवण झाली, असं म्हणाल. म्हणा. जिवंत होतात तेव्हा एका चुलीपुढं बसून बोलत होतो, सासू-सुनेला पत्र कशाला लागत होतं. आणि मला कुठं लिहिता येतंय. लिहितेय ती तुमची पणती, माझ्या लेकाची मुलगी. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. शाळेत घातली त्याचा परिणाम. मी काही तपासायला येत नाही हे तिला ठाऊक आहे, तेव्हा माझ्या तोंडचं ती किती बदलतेय ते तुम्हीच बघून घ्या. तुम्हालाही वाचता येत नव्हतं म्हणा.

ही पोरगी पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात तीन वर्षं होती. दिवाळीला आली ती परत गेलीच नाही. म्हणाली, मी खानावळ काढणार. तिच्या बापानं कपाळाला हात लावला, मी मात्र हसले, कारण बोलताना मान तिरकी करायची ती तुमची सवय तिच्यात कुठनं आली देव जाणे. फुलेवाडीच्या पुढं, गगनबावड्याच्या रस्त्याला तिनं एक गाळा घेतलाय. येत्या रविवारी ओळखीच्या चाळीस माणसांना जेवायला बोलावलंय. त्यांनी पोटभर खाल्लं तर सोमवारपासून खानावळ सुरू, त्यांनी नाक मुरडलं तर गावभर बोभाटा. पाटीवर लिहिणार आहे, तांबडा-पांढरा रस्सा पणजीच्या हातचा. पणजी म्हणजे तुम्ही. तुमची चव आठवणारं आता ह्या घरात एकच माणूस उरलंय, ते मी. म्हणून सगळी भिस्त माझ्या जिभेवर.

तर गेले तीन महिने ती मला स्कूटरवर मागं बसवून गावातली नवीन हॉटेलं दाखवत फिरतेय. दुसऱ्यांचं काय जमलंय, काय फसलंय ते आधी बघायचं, असं तिचं म्हणणं. मी घास घ्यायचा, सांगायचं, तिनं वहीत उतरवायचं. आत्याबाई, तुम्ही बघायला पाहिजे होतं. एका ठिकाणी टेबलावर ठिपक्याठिपक्यांची चौकट चिकटवलेली, तिला मोबाइल दाखवला की पदार्थांची यादी उघडते. तुमच्या पणतीच्या मोबाइलचा जीव संपलेला, तिलाही काही वाचता येईना. त्या दिवशी आम्ही दोघी सारख्या शिकलेल्या. दुसरीकडं मोमो म्हणून आणून ठेवले, बघते तर उकडलेल्या करंजीत कोबी. आणखी एका हॉटेलात एकच परात येते, भाताचा डोंगर, वर अख्खी कोंबडी, आणि आठजण तिच्यात हात घालून जेवतात. आपण लग्नात नवऱ्याबरोबर एका ताटात जेवताना लाजून मेलो होतो. एका ठिकाणी तर दारातच चूल मांडलीय आणि माझ्या वयाच्या एका बाईला नऊवारी नेसवून भाकरी थापायला बसवलंय. लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. मी जाऊन विचारलं, ‘बाई, पाठ दुखत न्हाय व्हय?’ ती म्हणाली, ‘दुखतीय की. पण पंखा लावलाय.’

तुमच्या खानावळीत पंखा नव्हता. शाहूपुरीत, गुळाच्या अड्ड्यांच्या मागं ती एवढीशी जागा. राधानगरीकडनं, पन्हाळ्याकडनं गूळ घेऊन आलेली माणसं सौदा झाला की हात धुऊन सरळ पाटावर. मामंजी गेल्यावर तुम्ही गळ्यात तुळशीची माळ घातलीत, मटण तोंडाला लावायचं बंद झालं, आणि खानावळ तर मटणाची. मटण सोडलं तर गिऱ्हाईक जाणार, माळ सोडली तर देव जाणार. तुम्ही दोन्ही ठेवलंत. रांधायचं तुम्ही आणि चाखायचं मी. मी सतरा वर्षांची, नुकती आलेली सून. मी तळहात पुढं करते, तुम्ही पळीतनं दोन थेंब सोडता. ‘मीठ बघ की गं.’ मी चाटते. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघताय. ‘जरा कमी हाय.’ तुम्ही चिमूट टाकता. मी ‘बास’ म्हणेपर्यंत एकही ताट बाहेर जात नाही. त्या घरात माझं ऐकलं जायचं अशी ती एकच जागा होती, आणि तिथंच मी खोटं बोलले.

माझ्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. तुम्ही म्हणालात, ‘गुळाचा हंगाम हाय, आत्ता कोण म्हायेरला जातंय व्हय?’ मी चुलीत लाकूड सारलं. त्या दुपारी घाईत तुमच्या हातनं मीठ दोनदा पडलं. मी चाटलं, जीभ आत ओढली, आणि म्हटलं, ‘बरोबर हाय.’ बाहेर पंगत बसली. पहिल्या घासाला माणसांनी एकमेकांकडं बघितलं. दुसऱ्या घासाला एकानं तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवेचना. राधानगरीकडचा एक म्हातारा म्हणाला, ‘काकू, आज पाणी समुद्राचं आणलंसा काय?’ तुम्ही बाहेर गेलात. ‘माझं चुकलं, पावणं. उठू नका, दही-भात वाढते.’ ‘माझं’ म्हणालात. आत येऊन दार लोटलंत आणि आवाज न चढवता मला म्हणालात, ‘माझ्यावर राग हाय तर मला बोल. पातेल्यात घालू नको. मला जीभ न्हाय म्हणून तुझी उसनी घेतलीया. ती खोटं बोलाय लागली तर मी कुणाकडं बघू?’ मग भांडी घासताना, मान वर न करता, ‘उद्या जाऊन ये बारशाला.’ मी गेले. तिथं घास उतरला नाही, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आता दुसरं सांगते, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. मागल्या पावसाळ्यात मला ताप आला. आठ दिवसांत उतरला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. चहा गरम आहे एवढं कळतं, गोड आहे का ते कळत नाही. मीठ, तिखट, आंबट, सगळं सारखंच, ओल्या कागदासारखं. परत येईल, परत येईल करत वर्ष गेलं. घरात कुणाला बोलले नाही.

लिहिणारी थांबलीय. लिही म्हटलं, पुढं अजून आहे.

तीन महिने मी हॉटेलात बसून निकाल दिले ते तुमच्याच विद्येवर. तुम्ही पातेल्याकडं कमी आणि जेवणाऱ्याकडं जास्त बघायचात. मीही तेच केलं. शेजारचा माणूस रस्सा परत मागतोय का, भाकरी बोटानं मोडताना चिवट लागतेय का, ताटं आत जाताना त्यात काय उरलंय. त्यावर निकाल ठोकून द्यायचे. पण परवा पोरीनं घरी तांबडा केला, रविवारचाच, आणि वाटी माझ्यापुढं धरली. ‘आजी, मीठ बघ की.’ अगदी तुमच्यासारखं. वाटीशेजारी दुसरं कुणी जेवणारं नव्हतं, बघू कुणाच्या तोंडाकडं? मी म्हटलं, ‘झक्कास हाय. आत्याबाईंचाच हात.’ तिच्या जिभेला काहीही लागो, पणजीची चव मलाच ठाऊक असं धरून तिनं वहीत मीठ-मसाल्याचं माप उतरवून खाली दोन रेघा ओढल्या. संध्याकाळी तिचा बाप कामावरनं आला, जेवला. लागोपाठ तीन तांबे पाणी प्याला. मी त्याचं तोंड बघितलं आणि मला पंगतीतला तो तांब्या आठवला.

पोरीनं पेन खाली ठेवलं होतं. आता परत उचललंय, म्हणून मधलं सांगते.

‘हे खरं हाय, आजी?’

‘खोटं लिवायला लावीन व्हय तुला?’

‘मग ती रंकाळ्याजवळची मिसळ? कटात दम न्हाय म्हणालतीस.’

‘शेजारी चौघं बसलेले. एकानंबी कट परत मागितला न्हाय.’

‘आणि मोमो?’

‘ते बघूनच कळतंय.’

तिला हसू येत होतं ते तिनं गिळलं. मग म्हणाली, ‘आणि माझा रस्सा?’ मी वहीकडं बघितलं. तिनं बापाला हाक मारली. ‘पप्पा, परवाचा रस्सा कसा झालता?’

‘आजी काय म्हणाली?’

‘आजीचं सोडा. तुमी सांगा.’

त्यानं माझ्याकडं बघितलं. पंचेचाळिशी आली, तरी अजून आईकडं बघून तोंड उघडतोय. मी म्हटलं, ‘सांग की. मी काय खातीय तुला?’

‘मीठ लई झालतं,’ तो म्हणाला. ‘चटणीबी कच्ची लागत हुती.’

‘मग बोलला का न्हाईसा?’

‘आई हो म्हणाली की.’

बघा आत्याबाई. एक मी, जिला चव नाही म्हणून खोटं बोलले, आणि एक हा, ज्याला चव आहे आणि मी बोलले म्हणून गप्प बसला. मधे पोरीची खानावळ. ती माझ्यावर ओरडली नाही. ‘चाळीस माणसं, आजी,’ एवढंच म्हणाली आणि आत गेली. तुम्हीही अशाच ओरडत नव्हता, त्यानं जास्त लागतं. दोन तास आतनं पळीचा आवाज येत होता. बाप ओट्याशी तळहात पुढं करून उभा, ‘कमी’, ‘अजून’, ‘आता बास’. मला कुणी बोलावलं नाही. बोलवायचं कारणही नव्हतं.

बाहेर आली तेव्हा वहीतल्या दोन रेघा खोडलेल्या होत्या. पाटीवरचं ‘पणजीच्या हातचा’ हेही काढते म्हणाली, खोटं नको. काढू दे. तुम्ही तरी कुठं चाखला होतात. मी म्हटलं, रविवारी मला दाराजवळ खुर्ची दे, मी माणसांची तोंडं बघून आत सांगत जाईन. ‘बघू,’ म्हणाली. आणि पत्र पुरं करायला बसली, कारण अर्धवट काही ठेवायचं नाही ही तिची खोड.

आत्ता विचारतेय, एवढे दिवस सांगितलं का नाहीस. मी म्हटलं, म्हातारी संपली असं घरातले म्हणाले असते. ते तिनं लिहून घेतलं आणि माझ्याकडं बघत राहिली. खरं सांग, नाहीतर लिहीत नाही म्हणते. बरं, लिही. आत्याबाई, मी जन्मभर वाढत आले. तुमच्याकडं पंगतीला, मग घरात, मग लेकाच्या लग्नानंतरही. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात असेल ते. ह्या तीन महिन्यांत मी खुर्चीत बसायची आणि एक अनोळखी माणूस येऊन विचारायचा, आजी, काय आणू? ताट पुढं यायचं ते भरलेलं, आणि सगळ्यांत आधी माझ्यापुढं. त्यात चव नव्हती. पण मला फार आवडायचं. जीभ गेली असं सांगितलं असतं तर कुणी कशाला नेलं असतं?

हे पत्र कुठं टाकायचं, असं ती विचारतेय. तुमचा पत्ता मला कोण देणार. राहू दे घरात. मंगळवार पेठेत एक नवीन जेवणाचं ठिकाण बघायला उद्या बापलेक दोघं जायचे आहेत. चव बघायला आता बाप आहे. मला येतेस का, असं अजून कुणी विचारलेलं नाही. निळी साडी मात्र मी सकाळीच काढून ठेवलीय. एवढं लिही, म्हटलं. लिहितेय ती.